वर्क ऑर्डरमध्ये लवादाचं कलम आहे आणि बिल अडकलंय, तर पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंगणा एमआयडीसीत तुमचं फॅब्रिकेशनचं लहान युनिट आहे. बुटीबोरीतल्या एका कंपनीला तुम्ही लोखंडी शेड बनवून, उभी करून दिली. शेवटचं बिल आणि रिटेन्शन (कामाच्या हमीपोटी कंपनीने मागे ठेवलेली रक्कम) मिळून १९ लाख रुपये दीड वर्षापासून अडकलेत. कंपनी म्हणते काम उशिरा झालं, वजन कमी भरलं, उलट तुम्हीच आमचं देणं लागता. वर्क ऑर्डरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलंय की वाद झाला तर कंपनीचे एमडी नेमतील त्या एकट्या आर्बिट्रेटरकडे (म्हणजे लवादात निवाडा देणाऱ्याकडे) जायचं, त्याचा निर्णय अंतिम राहील, आणि ठिकाण मुंबई. तुम्ही विचारताय की लवाद म्हणजे नक्की काय, कंपनीचाच माणूस निकाल देणार असेल तर त्यात पडायचं कशाला, आणि त्यापेक्षा नागपूरच्या कोर्टात सरळ दावा का लावू नये?

मी नागपुरात व्यापारी वादांची वकिली करतो आणि अधूनमधून आर्बिट्रेटर म्हणूनही काम पाहतो. तुमच्यासारखे लोक माझ्याकडे येतात तेव्हा लवाद म्हणजे काय हे त्यांना जेमतेम दहा मिनिटांत समजतं. खरी अडचण भीतीची असते. पैसे त्यांच्याकडे, पंच त्यांचा, शहर त्यांच्या सोयीचं, मग आपलं कोण ऐकणार? भीती रास्त आहे, कारण ते कलम एकतर्फीच लिहिलेलं आहे. पण गेल्या दहा वर्षांत कायद्याने त्या कलमातला विषारी भाग बऱ्यापैकी काढून टाकलाय, आणि हे लहान कंत्राटदारांपर्यंत पोचलेलंच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. कित्येक जण नुसतं कलम वाचून हक्काचे पैसे सोडून देतात.

लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी आधीच लेखी ठरवलेलं असतं की वाद कोर्टात न नेता एका तटस्थ व्यक्तीकडून किंवा मंडळाकडून सोडवून घ्यायचा, आणि तो निर्णय दोघांवर बंधनकारक राहील. आपल्याकडे त्याला १९९६चा लवाद व सलोखा कायदा लागू होतो. मध्यस्थीत मध्यस्थ तुम्हाला समोरासमोर बसवून तडजोडीपर्यंत आणतो, निकाल देत नाही. तुम्ही उठून गेलात तर विषय तिथेच थांबतो. लवादात तसं नाही. आर्बिट्रेटर पुरावे बघतो, साक्षी ऐकतो, कारणं देऊन निवाडा लिहितो, आणि तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आर्बिट्रेटर म्हणजे गावकीतला पंच नव्हे. ‘अर्धे तू सोड, अर्धे तू दे’ असं स्वतःच्या मनाने सांगायचा त्याला अधिकार नाही. दोन्ही पक्षांनी स्पष्टपणे तशी मुभा दिली नसेल तर त्याला करार आणि कायदा यांच्या चौकटीतच निर्णय द्यावा लागतो. म्हणून कागद पक्के असतील तर ‘शेवटी निम्म्यावरच तुटेल’ असं आधीच मनाशी धरून चालू नका.

आता एमडीने नेमायच्या आर्बिट्रेटरबद्दल. २०१५ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि सातवं परिशिष्ट आलं. वादातल्या पक्षाचा नोकर, सल्लागार, वकील, किंवा त्याच्याशी धंद्याचे संबंध असलेला माणूस आर्बिट्रेटर होऊ शकत नाही. पुढे २०१७ आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आणखी पुढे नेला. २०१९चा निकाल पर्किन्स ईस्टमन नावाने ओळखला जातो. ज्याला निकालात स्वतःचा स्वार्थ आहे त्याने स्वतः तर पंच व्हायचंच नाही, पण एकट्या पंचाची एकतर्फी निवडही करायची नाही, असं त्यात ठरलं. तुमच्या कंपनीचा एमडी नेमका याच जागी बसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानेही सरकारी उपक्रमांच्या करारांबाबत एकतर्फी नेमणूक समानतेच्या तत्त्वाला धरून नाही असं सांगितलं. ते तुमच्या खासगी कंपनीच्या प्रकरणाशी थेट जुळत नाही, पण इकडे वीज आणि कोळसा क्षेत्राची कामं घेणाऱ्यांनी ते जरूर लक्षात ठेवावं.

मात्र हे संरक्षण तुमच्याच सहीने जाऊ शकतं. वाद उभा राहिल्यानंतर दोन्ही पक्षांनी लेखी संमती दिली तर असा अपात्र माणूसही चालतो. म्हणून कंपनीकडून ‘आम्ही अमुक साहेबांना नेमलंय, त्यांच्यापुढे हजर व्हा’ असं पत्र आलं, तर घाबरून ‘मान्य’ असं उत्तर पाठवू नका. लेखी हरकत घ्या. हजर राहावं लागलंच तर हरकत कायम ठेवून हजर राहा, आणि ती रोजनाम्यात (सुनावणीच्या लेखी नोंदीत) नोंदवून घ्या.

मग सगळं कलमच पडलं का? नाही, आणि गफलत इथेच होते. एमडीने नेमायचा भाग टिकत नाही, पण वाद लवादाने सोडवायचा हा तुमच्या दोघांचा करार टिकतो. नेमणूक मग दोघांच्या संमतीने होते, नाहीतर उच्च न्यायालय करतं. म्हणून दिवाणी दाव्याच्या विचाराला मी तुमच्या प्रकरणात नाहीच म्हणेन. तुम्ही दावा लावलात की कंपनी पहिल्या तारखांनाच लवाद कायद्याच्या कलम ८ खाली अर्ज करेल, लवादाचा करार दाखवेल, आणि कोर्टाला तुम्हाला तिकडे पाठवावंच लागेल. शिवाय तीन लाखांवरच्या व्यापारी वादात, तातडीच्या मनाई हुकमाची मागणी नसेल तर, दाव्याआधी मध्यस्थीची पायरी सक्तीची आहे. म्हणजे कोर्टफी भरून, वर्षभर घालवून परत इथेच यायचं. कंपनीने उत्तर दाखल करण्यापूर्वी असा अर्ज केलाच नाही तर दावा चालूही शकतो, पण समोरचा वकील गाफील राहील या भरवशावर १९ लाख लावू नयेत.

दावा टाळायचा तर मग कुठल्या वाटेने जायचं, हे तुम्ही न लिहिलेल्या काही गोष्टींवर ठरेल.

पहिली म्हणजे उद्यम नोंदणी. काम घेण्याआधीपासून तुमचं युनिट सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेलं असेल, तर २००६च्या एमएसएमईडी कायद्याखाली (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा) सुविधा परिषदेकडे, म्हणजे लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जायचा मार्ग उघडा असतो, आणि तुमच्या करारातलं लवादाचं कलम त्याला आड येत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलंय. हा मार्ग तुम्हाला फार बळ देणारा आहे. ४५ दिवसांच्या पुढे बिल रखडलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर कंपनीला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. पण तुमचं काम नुसता माल पुरवण्याचं नाही, उभारणीसकट आहे. अशा वर्क्स कॉन्ट्रॅक्टला हा कायदा लागू नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटलंय, आणि कंपनीचा वकील ते पहिल्याच तारखेला पुढे करेल. ऑर्डरमध्ये पुरवठा आणि उभारणी यांचे दर वेगळे आहेत का ते बघा. वेगळे असतील तर तुमची बाजू जरा बरी. सगळं मिळून एकच किलोचा दर असेल, तर परिषदेसमोर दोन वर्षं घालवून शेवटी अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर हरायचा धोका आहे. अशा वेळी मी सहसा साध्या लवादाचा मार्ग सुचवतो.

दुसरी गोष्ट मुदत. लवादालाही मुदतीचा कायदा लागू आहे. पैसे देय झाल्यापासून साधारण तीन वर्षं. फोन, भेटी, ‘साहेब बघतो म्हणाले’, यांनी घड्याळ थांबत नाही. त्या तीन वर्षांच्या आत कंपनीने सही करून ‘इतकी रक्कम देणं आहे’ असं लेखी मान्य केलं, तर तिथून नवी मुदत सुरू होते. तुमचं दीड वर्ष गेलंय, म्हणून आज हातात वेळ आहे. आणखी दीड वर्षाने तो नसेल.

तिसरी गोष्ट, कलमाचे नेमके शब्द. ‘आधी ३० दिवस सामोपचाराने प्रयत्न करावा’ असं काही लिहिलंय का? असेल तर एक बैठक मागणारं पत्र पाठवा आणि त्याची पोच ठेवा. ऑर्डरवर पुरेसा स्टॅम्प नाही म्हणून कलम रद्द होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलंय की तो दुरुस्त करता येण्याजोगा दोष आहे, फार तर कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरावा लागेल.

यानंतर येते लवादाची नोटीस, आणि माझ्या अनुभवात अर्ध्याहून अधिक प्रकरणांचं भवितव्य या दोन-तीन पानांत ठरतं. कलम २१ प्रमाणे ही नोटीस समोरच्याला मिळाल्या दिवशी लवाद सुरू झाला असं धरतात, आणि मुदतीचं घड्याळही तिथेच थांबतं. लोक काय करतात, तर वकिलाकडून पैसे मागणारी साधी कायदेशीर नोटीस पाठवतात. पंधरा दिवसांत रक्कम द्या, नाहीतर कारवाई करू. त्या नोटिशीत वाद लवादाकडे नेण्याची मागणीच नसते, आणि दोन वर्षांनी मुदतीचा मुद्दा निघतो तेव्हा ती कामी येत नाही. तुमच्या नोटिशीत वर्क ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख हवी, लवादाचं कलम जसंच्या तसं उद्धृत हवं, वाद काय आणि रक्कम किती हे स्पष्ट हवं, ‘हा वाद आम्ही लवादाकडे नेत आहोत’ हे वाक्य हवं, एमडीच्या एकतर्फी नेमणुकीला हरकत हवी, आणि तुमच्याकडून दोन-तीन तटस्थ नावं हवीत. निवृत्त जिल्हा न्यायाधीश, किंवा स्ट्रक्चरल काम कळणारा निवृत्त अभियंता, ज्यांचा दोघांशी काहीही संबंध नाही असे. नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्हीकडून पाठवा.

तीस दिवसांत सहमती झाली नाही तर कलम ११ खाली उच्च न्यायालयात नेमणुकीचा अर्ज करायचा. तिथे न्यायालय मुख्यतः लवादाचा करार आहे की नाही एवढंच बघतं. तुमचं बिल खरं की खोटं यात शिरत नाही. मुंबईचा प्रश्न इथे येतो. करारात फक्त ‘ठिकाण मुंबई’ असेल आणि उलट दर्शवणारं काही नसेल तर मुंबई हीच लवादाची कायदेशीर बैठक धरली जाते. म्हणजे हा अर्ज आणि पुढे निवाड्याला आव्हान हे दोन्ही मुंबईत, आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या खंडपीठात नाही. गैरसोय आहे खरी, पण वाटते तेवढी मोठी नाही. प्रत्यक्ष सुनावण्या, साक्षी, जागेची पाहणी आर्बिट्रेटर सोयीच्या ठिकाणी घेऊ शकतो. शेड बुटीबोरीत, साक्षीदार बुटीबोरीत, तर सुनावणी नागपुरात किंवा व्हिडिओवर घ्यावी अशी विनंती करा. समंजस आर्बिट्रेटर ती मानतो. आणि निवाडा तुमच्या बाजूने लागला तर वसुलीसाठी मुंबईत जावं लागत नाही. कंपनीची मालमत्ता जिथे आहे तिथल्या कोर्टात थेट अंमलबजावणी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. पुढच्या ऑर्डरला मात्र सही करण्याआधी ‘लवादाची बैठक नागपूर, आर्बिट्रेटर दोघांच्या संमतीने’ एवढा बदल मागून घ्या. ऑर्डर देण्याच्या घाईत असलेली कंपनी बरेचदा कबूल करते.

खर्चाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी सांगणारच, कारण फसवणूक झाल्यासारखं लोकांना नंतर वाटतं. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात फीचा तक्ता आहे. १९ लाखांच्या दाव्यावर ४५,००० रुपये, अधिक पाच लाखांवरच्या १४ लाखांचे साडेतीन टक्के म्हणजे ४९,०००. झाले ९४,०००. आर्बिट्रेटर एकटा असेल तर त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे १,१७,५००. ही फी सहसा निम्मी-निम्मी वाटली जाते, म्हणून तुमच्या वाट्याला साधारण ५८,७५०. वकील, टायपिंग, जागेचं भाडं वेगळं. तक्ता सगळीकडे सक्तीचा नाही, पक्ष दुसरी फी ठरवू शकतात. पण २०२२च्या निकालानंतर आर्बिट्रेटरने एकट्याने मनाला येईल ती फी लावायची नाही हे पक्कं झालंय. तीन जणांचं मंडळ या रकमेला परवडत नाही, ते मागू नका. आणि कंपनी हमखास मोठ्या रकमेचा प्रतिदावा टाकेल. त्याची फी स्वतंत्र असते. कंपनीने आपला वाटा भरला नाही तर तुम्हाला तोही भरून काम पुढे न्यावं लागू शकतं, नंतर तो खर्चात मागता येतो. थोडी रक्कम त्यासाठी बाजूला ठेवा.

वेळेचं म्हणाल तर दोन्ही बाजूंची निवेदनं सहा महिन्यांत पूर्ण व्हावीत आणि तिथून बारा महिन्यांत निवाडा यावा असं कायदा म्हणतो. दोघांच्या संमतीने आणखी सहा महिने, त्यापुढे कोर्टाची परवानगी. नेमणुकीचा अर्ज धरून दोन-अडीच वर्षं मनात ठेवा.

आता पुरावा. कंपनीचे दोन आक्षेप आहेत, वजन आणि उशीर, आणि दोन्ही भाषणाने जिंकता येत नाहीत. वजनाचा वाद मी आर्बिट्रेटर म्हणून जवळून पाहिलाय. तिथेही कंपनीचं म्हणणं होतं की ड्रॉइंगप्रमाणे जेवढं पोलाद बसायला हवं त्यापेक्षा पुष्कळ कमी बसलं. कंत्राटदाराने एक जाड फाइल पुढे केली. प्रत्येक ट्रिपची काट्याची चिठ्ठी, तिच्यावर गाडीचा नंबर, रिकाम्या आणि भरल्या गाडीचं वजन, वेळ. चिठ्ठीच्या मागे कंपनीच्या गेटचा निळा इनवर्ड शिक्का, त्यात नोंदीचा क्रमांक आणि गार्डची सही. कंपनीच्या स्टोअर मॅनेजरला उलटतपासात विचारलं की हा शिक्का तुमचाच का? तो म्हणाला, हो. मग इनवर्ड रजिस्टर मागवलं. चिठ्ठीवरचे क्रमांक आणि रजिस्टरमधले क्रमांक ओळीने जुळले. दोन ट्रिपच्या चिठ्ठ्यांवर मात्र शिक्का नव्हता आणि रजिस्टरमध्येही त्या गाड्या नव्हत्या. तेवढी रक्कम मी कापली, बाकी दिली. त्या कंत्राटदाराचा वकील फार बोललाही नव्हता.

तुमच्याकडे या चिठ्ठ्या आहेत का ते आजच बघा. काट्याची थर्मल कागदावरची चिठ्ठी वर्षभरात पुसट होते, झेरॉक्स आणि फोटो काढून ठेवा. उशिराच्या मुद्द्यावर सगळ्यात मोलाचे कागद म्हणजे ड्रॉइंगच्या तारखा. ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’ (याप्रमाणे काम करा) शिक्क्याचं ड्रॉइंग तुमच्या हातात कधी आलं, त्यानंतर किती वेळा रिव्हिजन आलं, पाया तयार करून जागा कधी ताब्यात दिली, हे सगळं ईमेलमधून काढा आणि तारीखवार एक कागद बनवा. उशीर दोघांमुळे झाला असेल तर कंपनीला उशिराचा दंड सरसकट कापता येत नाही. आणि करारात दंडाचा आकडा लिहिलाय म्हणून तो आपोआप पूर्ण मिळतो असंही नाही. वाजवी भरपाई किती, हे आर्बिट्रेटर बघतो. लवादाला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागू नाहीत, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, साइटवरचे फोटो सगळं दाखल करा. फक्त मूळ फोन जपून ठेवा.

व्याजाचं कलमही वाचा. ‘थकलेल्या रकमेवर व्याज देय नाही’ असं लिहिलं असेल तर त्या शब्दांवरून निवाड्यापूर्वीच्या काळाचं व्याज नाकारलं जाऊ शकतं. तसं काही नसेल तर वाजवी दराने मिळतं.

एक धोका मी लपवणार नाही. लवादात हरलात तर दुसरी संधी फार अरुंद असते. कलम ३४ खाली तीन महिन्यांत, आणि सबळ कारण असेल तर वर फक्त ३० दिवसांत, आव्हान देता येतं. पण ते अपील नव्हे. आर्बिट्रेटरने पुरावा वेगळा वाचायला हवा होता एवढ्यावर कोर्ट निवाडा रद्द करत नाही. प्रक्रियेतला अन्याय, सार्वजनिक धोरणाचा भंग, निवाड्याच्या तोंडावरच दिसणारी बेकायदेशीरता, असं काहीतरी लागतं. हीच गोष्ट जिंकल्यावर तुमच्या उपयोगाची आहे. २०१५च्या दुरुस्तीनंतर नुसतं आव्हान दिलं म्हणून वसुली थांबत नाही, कंपनीला वेगळी स्थगिती मागावी लागते आणि कोर्ट बहुधा रक्कम जमा करायला लावतं.

कुणीतरी तुम्हाला पोलिसात फसवणुकीची तक्रार द्यायला सांगितलंय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. बिल थकवणं हा आपोआप गुन्हा होत नाही. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता असं दाखवणारं काही तुमच्याकडे नाही. उलट तुम्हाला आधीची चार बिलं मिळालीत. त्या वाटेला जाऊ नका. कंपनी मशिनरी विकून गाशा गुंडाळतेय अशी पक्की माहिती मिळाली तर मात्र कलम ९ खाली कोर्टात अंतरिम संरक्षण मागता येतं, अगदी लवाद सुरू होण्याआधीही. तसा आदेश मिळाला तर ९० दिवसांत लवाद सुरू करावा लागतो.

म्हणून क्रम असा ठेवा. या आठवड्यात ऑर्डर, सुधारित ऑर्डर, बिलं, काट्याच्या चिठ्ठ्या, ड्रॉइंगच्या तारखा आणि उद्यम प्रमाणपत्र एकत्र करा. ते घेऊन लवादाची कामं प्रत्यक्ष करणाऱ्या वकिलाला भेटा आणि परिषद की लवाद हे ठरवा. लवाद ठरला तर महिन्याभरात कलम २१ची नोटीस जाऊ द्या. लवादात वकील सक्तीचा नाही, पक्ष स्वतः बाजू मांडू शकतो. पण नोटीस आणि उच्च न्यायालयातला अर्ज ही दोन कामं स्वतः करायला जाऊ नका. नोटीस गेल्यावर कंपनी बोलायला तयार झाली तर बोला. मधेच तडजोड झाली तर ती आर्बिट्रेटरपुढे ठेवून संमतीचा निवाडा करून घ्या. नुसत्या ईमेलवरची तडजोड मोडली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. संमतीच्या निवाड्याची मात्र थेट वसुली लावता येते.